अविश्वास ठराव कसा पाहावा: नोटिशीपासून मतांच्या यादीपर्यंत

२२ जुलै २००८. अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला होता आणि मनमोहन सिंग सरकार लोकसभेत बहुमत सिद्ध करत होतं. संध्याकाळी आकडे आले: बाजूने २७५, विरोधात २५६. सरकार तरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि मला विचारलं, "सगळं छापलंय रे, पण आपल्या खासदाराने कुठल्या बाजूला मत टाकलं ते कुठंय?"

मी तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो. कलमं तोंडपाठ होती, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. कुठे शोधायचं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यानंतर प्रत्येक ठरावाच्या वेळी मी शेवटच्या आकड्यासोबत माणसांवरही नजर ठेवायला लागलो: कोण उभं राहिलं, कोण बाहेर गेलं, कोणाचं नाव कुठे नोंदलं गेलं. पहिल्यांदा मतदान करणारी मुलं, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, तालुक्याच्या ठिकाणी नव्याने बातमीदारी करणारे अशांसाठी त्याच क्रमाने हा लेख लिहिला आहे. पुढच्या वेळी असा ठराव आला की हा लेख शेजारी उघडून बसा.

आधी एक गोंधळ दूर करू

"अविश्वास ठरावाने वाजपेयी सरकार पडलं" हे वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचलं आहे. ते चूक आहे. अविश्वासाचा ठराव विरोधक आणतात आणि तो मंजूर झाला की सरकार जातं. विश्वासदर्शक ठराव सरकार स्वतः मांडतं, बहुतेक वेळा राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या सांगण्यावरून, आणि तो नामंजूर झाला की सरकार जातं. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार पडलं ते या दुसऱ्या प्रकारात. १९९० मध्ये व्ही. पी. सिंग आणि १९९७ मध्ये देवेगौडा हेही विश्वासदर्शक ठरावच हरले.

२०२३ पर्यंत लोकसभेत २८ वेळा अविश्वासाचे ठराव आले. त्यांतला एकही मतदानाने मंजूर झालेला नाही. सर्वांत जवळ पोहोचला तो जुलै १९७९ चा ठराव. विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाणांनी तो मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध मांडला, जनता पक्षातून खासदारांची गळती सुरू झाली आणि मोरारजींनी मतदानाची वाट न पाहता राजीनामा दिला. म्हणजे ठराव मंजूर झाला नाही, पण सरकार गेलंच. केवळ मंजूर-नामंजूर बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

या सगळ्याचं मूळ राज्यघटनेच्या कलम ७५(३) मध्ये आहे. मंत्रिमंडळ सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार असेल, एवढंच ते म्हणतं. राज्यांसाठी हेच तत्त्व कलम १६४(२) मध्ये विधानसभेच्या नावाने आहे. त्यामुळे राज्यसभेत किंवा विधान परिषदेत हा ठराव येऊ शकत नाही. मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य होते. त्यामुळे २००८ मध्ये त्यांनी स्वतः मांडलेल्या ठरावावर त्यांना स्वतःला मत देता आलं नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं पेन खाली ठेवून वर बघतात.

पहिली पायरी: सकाळी दहाच्या आतली नोटीस

लोकसभेच्या नियमावलीतला नियम १९८. ज्या सदस्याला ठराव मांडायचा असेल त्याने त्या दिवशी सकाळी दहा वाजेपर्यंत लेखी नोटीस द्यायची. मजकूर एका ओळीचा असतो: हे सभागृह मंत्रिमंडळावर अविश्वास व्यक्त करत आहे. कारण देण्याची गरज नाही, आणि कोणा एका मंत्र्याविरुद्ध हा ठराव येत नाही. सगळं मंत्रिमंडळ एकत्र तरतं किंवा एकत्र बुडतं.

कारण सांगून आणला जातो तो निंदाव्यंजक ठराव. तो एका मंत्र्याविरुद्धही असू शकतो आणि मंजूर झाला तरी सरकारने जायलाच हवं असं नाही. बातमीत "निंदा" शब्द दिसला तर हा लेख बाजूला ठेवा, तो वेगळा विषय आहे.

सहा महिन्यांच्या आत दुसरा ठराव आणता येत नाही, असंही सर्रास ऐकू येतं. नियम १९८ मध्ये तसं काही नाही. ज्या प्रश्नावर सभागृहाने निर्णय दिला आहे तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा आणता येत नाही, एवढंच बंधन आहे.

दुसरी पायरी: पन्नास जणांनी उभं राहायचं

नोटीस नियमात बसत असेल तर अध्यक्ष ती सभागृहात वाचून दाखवतात आणि ठराव मांडायला अनुमती देण्याच्या बाजूने असलेल्यांना आपापल्या जागी उभं राहायला सांगतात. किमान पन्नास सदस्य उभे राहिले की अनुमती मिळाली. इथे बहुमताचा प्रश्नच येत नाही. सरकारकडे चारशे खासदार असले तरी पन्नास विरोधक त्याला उत्तर द्यायला भाग पाडू शकतात. संसदीय पद्धतीतली ही तरतूद मला सर्वांत जास्त आवडते.

पण उभे राहिलेले मोजायला सभागृह शांत हवं, आणि हा मुद्दा नवख्यांच्या लक्षात येत नाही. मार्च २०१८ मध्ये आंध्र प्रदेशच्या विशेष दर्जावरून वायएसआर काँग्रेस आणि तेलुगू देसम यांनी नोटिसा दिल्या. रोज दुपारी बारा वाजता तेच दृश्य: वेगवेगळ्या मागण्यांचे फलक घेऊन सदस्य अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरलेले, घोषणा चाललेल्या, आणि अध्यक्षा सुमित्रा महाजन सांगताहेत की सभागृहात सुव्यवस्था नाही, मला डोकी मोजता येत नाहीत. कामकाज तहकूब. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अधिवेशन संपलं आणि ठराव दाखलच झाला नाही. पुढच्या अधिवेशनात, जुलैमध्ये, तेलुगू देसमची नोटीस स्वीकारली गेली आणि दोनच दिवसांत, २० जुलैला, चर्चा आणि मतदान दोन्ही उरकलं.

गोंधळ घालणारे नेहमी विरोधकच असतात असं धरून चालू नका. हौद्यात कोणत्या पक्षाचे लोक आहेत, त्यांची मागणी काय आहे आणि तहकुबीचा फायदा कोणाला होतो आहे, हे वहीत टिपून ठेवा.

तिसरी पायरी: तारीख कोण ठरवतं?

अनुमती मिळाल्यावर चर्चेचा दिवस अध्यक्ष ठरवतात. अनुमती मागितल्यापासून दहा दिवसांच्या आतला दिवस द्यावा, असं नियम सांगतो. २०१८ मध्ये दोन दिवसांतली तारीख मिळाली. २०२३ मध्ये मणिपूरच्या प्रश्नावर गौरव गोगोई यांच्या ठरावाला २६ जुलैला अनुमती मिळाली आणि चर्चा ८ ऑगस्टला सुरू झाली. कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले तर तेरा दिवस. मधल्या काळात दिल्लीच्या प्रशासकीय सेवांबाबतचं विधेयक लोकसभेने मंजूर केलं. ज्या सरकारवर विश्वास आहे की नाही याचाच निर्णय बाकी आहे, त्याने मोठी विधेयकं आणावीत का, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. मला तो रास्त वाटतो. ठराव दाखल झाला की इतर महत्त्वाचं कामकाज मागे ठेवावं, हा संकेत सभागृहाच्या प्रतिष्ठेसाठी आहे.

चौथी पायरी: व्हिप

आता पक्षांचे प्रतोद, म्हणजे आपापल्या सदस्यांना पक्षाचा आदेश पोहोचवणारे पदाधिकारी, कामाला लागतात. पक्षादेश, म्हणजे आपण ज्याला व्हिप म्हणतो तो, तीन ओळींचा निघाला की त्याचा अर्थ एकच: हजर राहा आणि सांगू तसंच मत द्या. १९८५ साली ५२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची सदस्यता जाऊ शकते. परवानगीशिवाय गैरहजर किंवा तटस्थ राहिलं तरीही. पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर मात्र वाचता येतं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्ष देतात.

महाराष्ट्राने यातला सर्वांत अवघड प्रश्न न्यायालयापर्यंत नेला: प्रतोद नेमका कोणाचा? २०२२ च्या शिवसेनेतल्या फुटीत दोन गटांचे दोन प्रतोद, दोन व्हिप आणि दोघांचेही आमदार एकाच सभागृहात. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही, आणि शिंदे गटाच्या प्रतोदाला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. म्हणून "व्हिप निघाला" अशी बातमी वाचली की व्हिप कोणी काढला, हा पुढचा प्रश्न लगेच विचारायचा.

पक्षादेशानेही सगळं बांधलं जात नाही. १९९९ मध्ये नॅशनल काॅन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश झुगारून वाजपेयी सरकारविरुद्ध मत दिलं. पक्षाने त्यांना काढून टाकलं, पण मत मोजलं गेलंच. आदेश मोडून दिलेलं मत बाद होत नाही, शिक्षा झाली तर नंतर होते. सट्टा लावल्यासारखे आकडे सांगणारे हे विसरतात.

पाचवी पायरी: चर्चा ऐकायची कशी

लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये नेहरू सरकारविरुद्ध आणला. चीनकडून झालेल्या पराभवाची जखम ओली होती. चर्चा चार दिवस चालली. शेवटी ठरावाच्या बाजूने ६२ मतं पडली आणि विरोधात ३४७. हे असंच होणार हे कृपलानींना पहिल्या दिवशीच माहीत होतं. तरी त्यांनी तो आणला, कारण पंतप्रधानांना सगळ्या देशासमोर बसून ऐकावं लागेल आणि उठून उत्तर द्यावं लागेल असा मार्ग त्यांच्यापाशी हाच होता. त्याच दिवसांत, पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले राममनोहर लोहिया यांनी देशातल्या बहुसंख्य माणसांना दिवसाला तीन आण्यांवर जगावं लागतं हा मुद्दा लोकसभेत लावून धरला. सरकारचा आकडा पंधरा आण्यांचा होता. मतांचं गणित लोक विसरले, तीन आण्यांचा वाद आजही शिकवला जातो.

चर्चेची वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटली जाते. त्यामुळे सत्ताधारी बाजूला जास्त मिनिटं मिळतात. मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी लिहायला सांगतो. विरोधकांनी नेमके कोणते प्रश्न विचारले, त्यांची यादी डावीकडे. पंतप्रधानांच्या उत्तरात त्यांतल्या कोणत्या प्रश्नांना हात घातला गेला, ते उजवीकडे. भाषण दोन तासांचं असो की वीस मिनिटांचं, उजवी बाजू किती भरली ते पानावर दिसतं. हा सराव कुठल्याही पक्षाच्या सरकारसाठी सारखाच करा, मगच त्याला अर्थ आहे.

सहावी पायरी: मतदान, आणि इथे घाई करू नका

अध्यक्ष ठराव मताला टाकतात. आधी आवाजी मतदान: बाजूने असलेले "होय" म्हणतात, विरोधातले "नाही" म्हणतात, आणि अध्यक्ष कानाने अंदाज घेऊन "माझ्या मते अमुक बाजूचं बहुमत आहे" असं म्हणतात. कोणीच आव्हान दिलं नाही तर तोच निकाल.

आव्हान दिलं की मतविभागणी. मागच्या-पुढच्या लाॅबी रिकाम्या करायचा आदेश निघतो आणि संसद भवनात घंटा वाजायला लागतात. जेवायला गेलेले, ग्रंथालयात बसलेले, मार्गिकेत फोनवर बोलणारे सगळे धावत येतात. साडेतीन मिनिटं. मग दारं बंद. त्यानंतर आलेला बाहेरच राहतो, मग तो कोणी का असेना. ४ जुलै २०२२ ला आपल्या विधानसभेत शिंदे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोहोचले, तेव्हा दारं लागलेली होती. ठराव १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला. ते आमदार आत असते तरी निकाल बदलला नसता, पण त्यांच्या मतदारांचा आवाज त्या दिवशी सभागृहात नव्हता.

लोकसभेत प्रत्येक बाकावर बटणं आहेत: होयसाठी हिरवं, नाहीसाठी लाल, तटस्थतेसाठी पिवळं. नुसतं एक बटण दाबून चालत नाही. मतदान सुरू करणारी वेगळी कळ आणि आपल्या मताचं बटण अशी दोन्ही एकाच वेळी, दुसरी घंटा होईपर्यंत, दाबून धरावी लागतात. दोन्ही हात गुंततात, त्यामुळे शेजाऱ्याच्या रिकाम्या बाकावरचं मत उरकता येत नाही. चूक झाली, यंत्राने नोंदलं नाही, तर सदस्य चिठ्ठीवर मत लिहून देतो. म्हणूनच फलकावरचा आकडा अध्यक्ष "दुरुस्तीच्या अधीन" म्हणून जाहीर करतात.

आपल्या विधानसभेत अशा वेळी शिरगणती होते. एकेक सदस्य उभा राहतो, आपलं नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने सांगतो, खाली बसतो. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ जण असे उभे राहिले. भाजपने सभात्याग केला होता, चार जण तटस्थ राहिले आणि विरोधात शून्य. टीव्हीवर ते बघायला कंटाळवाणं वाटतं. मला मात्र लोकशाहीतली ती फार मोलाची मिनिटं वाटतात, कारण माणूस आपल्या तोंडाने आपलं नाव सांगून बाजू घेत असतो.

गणित असं असतं. लोकसभेत ५४३ जागा, म्हणून सगळे २७२ म्हणतात. पण नियम "हजर राहून मत देणाऱ्यांच्या" बहुमताचा आहे. २० जुलै २०१८ ला ठरावाच्या बाजूने १२६ आणि विरोधात ३२५ मतं पडली, एकूण ४५१, म्हणजे त्या दिवशी निम्म्याचा आकडा २२६ होता. बिजू जनता दलाने सभात्याग केला आणि सरकारमध्येच असलेली शिवसेना मतदानाला फिरकली नाही. गैरहजर राहणारा तटस्थ दिसतो, प्रत्यक्षात तो ज्या बाजूकडे जास्त संख्या आहे तिचं काम सोपं करत असतो.

आणि एका मताची गोष्ट. १९९९ मध्ये मी वसतिगृहात होतो. मेसमधल्या छोट्या टीव्हीसमोर पन्नास-साठ मुलं, ताटं हातात, आमटी गार झालेली. वाजपेयी सरकारच्या बाजूने २६९, विरोधात २७०. कोणीतरी म्हणालं, "चुकीचं दिसतंय, परत मोजतील." परत मोजून काही बदलणार नव्हतं. विरोधातलं एक मत कमी असतं तर २६९-२६९ अशी बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली तरच अध्यक्षांना मत देता येतं, हे कलम १०० सांगतं. विरोधात मत देणाऱ्यांत ओडिशाचे मुख्यमंत्री गिरिधर गमांगही होते. दोन महिन्यांपूर्वीच ते मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेची जागा त्यांनी सोडलेली नव्हती. मत द्यायचं की नाही हे अध्यक्ष बालयोगींनी त्यांच्या सद्सद्विवेकावर सोपवलं.

मतांची काळी बाजूही नवख्यांना माहीत हवी. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकारविरुद्धचा ठराव २५१ विरुद्ध २६५ असा फेटाळला गेला. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना त्यासाठी पैसे दिल्याचं प्रकरण उभं राहिलं. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्यालाही घटनेचं संरक्षण आहे. हा निकाल पंचवीसहून अधिक वर्षं टिकला. ४ मार्च २०२४ ला सात न्यायमूर्तींनी तो एकमताने रद्द केला. मतासाठी लाच घेणाऱ्याला आता विशेषाधिकाराच्या आड लपता येत नाही. उशीर झाला, पण झालं ते फार बरं झालं.

आवाजी मतदानाबद्दल माझं ठाम म्हणणं

१० ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधानांचं उत्तर चालू असताना विरोधकांनी सभात्याग केला आणि ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला. मतविभागणी मागायला ठरावाच्या बाजूचं कोणी आत उरलंच नव्हतं. निकाल तोच लागला असता, हे खरं. पण तीन दिवसांच्या चर्चेनंतर देशातल्या एकाही मतदाराला आपल्या खासदाराचं नाव यादीत बघता येत नाही. ज्यांनी ठराव आणला त्यांनीच ही संधी घालवली, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण आपलंच. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारने विधानसभेत विश्वासदर्शक ठराव मांडला. २८८ च्या सभागृहात भाजपचे १२२ निवडून आले होते, म्हणजे १४५ ला बरेच कमी. राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. अध्यक्षांनी ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर केलं. काँग्रेस आणि तेव्हा विरोधात बसलेली शिवसेना मतविभागणी मागत राहिली. नेमक्या कोणाच्या बळावर ते सरकार उभं होतं, याची नावानिशी यादी त्या दिवशी झाली नाही. बहुमत काठावर असताना आवाजी मतदान होणं मला मान्य नाही, सरकार कोणाचंही असो.

लोकसभेच्या नियमांत आणखी एक पळवाट आहे. मतविभागणीची मागणी अनावश्यक वाटली तर अध्यक्ष सदस्यांना नुसतं जागेवर उभं करून मोजू शकतात, आणि तेव्हा नावं नोंदली जात नाहीत. म्हणून बातमी लिहिताना "मतदान झालं" एवढ्यावर थांबू नका. आवाजी, उभं राहून मोजणी, की नावांसह मतविभागणी, हे लिहा.

सातवी पायरी: निकालानंतर

अविश्वास मंजूर झाला किंवा विश्वास नामंजूर झाला की पंतप्रधान राष्ट्रपतींकडे राजीनामा देतात आणि नवी व्यवस्था होईपर्यंत काळजीवाहू म्हणून राहतात. दुसरा कोणी बहुमत दाखवू शकतो का हे राष्ट्रपती बघतात. नसेल तर निवडणूक. १९९९ मध्ये तेच झालं. जर्मनीत पुढचा चॅन्सेलर निवडल्याशिवाय आधीच्याला हटवताच येत नाही. १९८२ मध्ये श्मिट यांना हटवण्याच्या त्याच मतदानात कोल निवडून आले. आपल्याकडे तशी अट नाही, त्यामुळे पाडणारे आणि पुढे चालवणारे वेगवेगळे असू शकतात.

राज्यांत राज्यपालांची भूमिका मोठी असते. बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाने पक्कं केलं. २६ नोव्हेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राबाबत आदेश दिला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत हंगामी अध्यक्षांनी आमदारांना शपथ द्यावी आणि त्यानंतर लगेच बहुमत चाचणी घ्यावी, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण हवं. चाचणी व्हायच्या आधीच, त्याच दुपारी, फडणवीसांनी राजीनामा दिला. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरेंनीही चाचणीच्या आदल्या रात्री राजीनामा दिला. पुढे न्यायालयाने राज्यपालांनी चाचणी बोलावणंच योग्य नव्हतं असं म्हटलं, पण चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे ठाकरेंना पुन्हा पदावर बसवता येत नाही, असंही सांगितलं. सभागृहात हरणं आणि सभागृहाच्या बाहेर जाणं यांत कायद्याने केवढा फरक पडतो ते इथे दिसलं.

गावच्या सरपंचावरचा अविश्वास ठराव हा निराळा प्रकार आहे. तिथे सदस्यांची नोटीस तहसीलदारांकडे जाते आणि साधं बहुमत पुरत नाही. संसदेचे नियम ग्रामपंचायतीला लावून वाद घालू नका.

शेवटची पायरी: आपलं नाव शोधा

मतविभागणी झाली असेल तर त्या दिवसाच्या लोकसभेच्या कार्यवाहीत, म्हणजे वादविवादाच्या छापील अहवालात, होय, नाही आणि तटस्थ अशा तीन याद्या येतात. संसदेच्या संकेतस्थळावर तारीख टाकून तो अहवाल उघडता येतो. भाषणांची पानं ओलांडून शेवटाकडे जा. यादी आडनावाने शोधायची. यादीखालच्या तळटिपा जरूर वाचा, कारण चिठ्ठीने किंवा दुरुस्तीने मत दिलेल्यांची नावं तिथे असतात. तिन्ही याद्यांत आणि तळटिपेतही नाव नसेल तर तुमचा प्रतिनिधी त्या वेळी सभागृहात मत देत नव्हता. का, हे त्यालाच विचारा, पत्र लिहून विचारा.

२००८ ची यादी मला सापडली तेव्हा मी ती पानं छापून घरी नेली. वडिलांनी चष्मा लावला, बोट एकेका नावावरून खाली आणलं, आमच्या खासदाराच्या नावाशी थांबवलं आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. ते पान मग त्यांनी मतदार ओळखपत्राच्या पाकिटात ठेवलं.